शेऱ्याचा रकाना

सोमवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. ठिकाण, डायलिसिस केंद्राचं प्रतीक्षागृह, पहिला मजला. मशीन दहा. सकाळच्या शिफ्टला पेशंट दहाच असायला हवेत. हजर सत्तावीस.

मी त्या केंद्राचा जुना सर्व्हर बोलतोय. त्या वेळी मी दोन मजले खाली, भंगाराच्या खोलीत, एका मोडक्या स्ट्रेचरखाली आडवा पडलो होतो. माझीच केबल माझ्या अंगाभोवती गुंडाळलेली होती. दहा वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता. वर जे घडलं त्यातलं काही मी नंतर ऐकलं, काही माझ्या डोळ्यांदेखत घडलं. कुणावर राग म्हणून हे सांगत नाही. राग आहे, तो लपवतही नाही. पण सांगतोय ते घडलं म्हणून.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. एका मेकॅनिकने इकडचा बोर्ड, तिकडची डिस्क असं जमवून मला उभं केलं. राखाडी पत्र्याचा डबा, पुढे एक हिरवा दिवा, बाजूला पंखा. केंद्राच्या नोंदणीखोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझी स्थापना झाली तेव्हा केंद्रात मशीन तीन होती. पुढे दहा झाली. मी एकच राहिलो. बारा वर्षांत मी एकूण चार वेळा बंद पडलो, त्यातल्या तीन वेळा साफसफाई करणाऱ्या बाईंनी माझा प्लग काढून तिथे स्वतःचा मोबाईल लावला होता.

माझं काम साधं आणि जीवघेणं. ज्यांच्या किडन्या काम करेनाशा झाल्या, त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून स्वच्छ करतात. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. साठ माणसं. निम्मी सोमवार-बुधवार-शुक्रवारची, निम्मी मंगळवार-गुरुवार-शनिवारची. एक दिवस चुकला की अंगात पाणी साठतं. दोन चुकले तर ते पाणी छातीत चढतं. कुणी कधी यायचं, कुठल्या मशीनवर, हे सगळं माझ्या पोटात होतं. रोज दुपारी मी उद्याची यादी छापून द्यायचो, ती दाराला चिकटायची आणि माणसं ती बघायला यायची. काहीजण तर फक्त यादी बघायला दोन-दोन बस बदलून यायचे. ते चूक होतं, हे मलाही कळत होतं.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

माझ्या यादीत प्रत्येक पेशंटपुढे वार, वेळ आणि वजन असे रकाने होते. वजन म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढून झाल्यावर माणसाचं जे खरं वजन उरलं पाहिजे, ते. हे रकाने एकदा मोठ्या डॉक्टरांनी मंजूर केले की कुलूपबंद. बदल करायचा तर अर्ज, त्यावर शिफारस, मग सही. आठ दिवस तरी जायचे. आणि पेशंट काय आठ दिवस थांबतो? कुणाच्या मुलाची ड्युटी बदलते, कुणाला संध्याकाळची बस मिळत नाही, कुणी चार घास जास्त जेवायला लागतो आणि वजन वाढतं.

म्हणून केंद्राच्या मोठ्या सिस्टरनी एक वाट काढली. सगळ्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना होता. त्याला कुलूप नव्हतं. सिस्टर त्यात लिहायच्या: “टेलरमावशींशी बदली. मंगळ-गुरु-शनि सकाळ.” “डॉ. तोंडी सांगून गेले, वजन आता एवढं.” “कावीळ झाली होती, वेगळं ठेवलेलं दहा नंबर मशीनच.” यादी छापताना त्या आधी शेरा वाचायच्या, मग पेनने वेळ खोडून नवी घालायच्या. बारा वर्षं असंच चाललं. वेळेच्या रकान्यात जे होतं ते मंजूर होतं. शेऱ्यात जे होतं ते खरं होतं. हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. कुणीही कधीही ते दुरुस्त केलं नाही, कारण चाललं होतं ना!

मग ‘ढगवाली’ आली.

हे नाव तिला सिस्टर लोकांनी दिलं. ती प्रोग्रामर होती, पस्तिशीची, सहा वर्षांची मुलगी असलेली, बोलायला चटपटीत आणि कामाला चिवट. केंद्राने तिला सांगितलं होतं की पेशंटांना घरबसल्या मोबाईलवर स्वतःचा नंबर दिसला पाहिजे, आणि ते अ‍ॅप क्लाउडवर उभं राहिलं पाहिजे. पहिल्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली. मोठ्या सिस्टर चहाचा कप घेऊन दारात उभ्या.

“अगं, क्लाउड म्हणजे ढगच ना? मग पाऊस आला की आमची माणसं वाहून जायची की गं!”

“ढगबिग काही नाही हो सिस्टर. लांब कुठेतरी मोठ्या इमारती असतात. त्यात याच्यासारखे हजारो डबे. आपण त्यातली थोडी जागा वापरायला घ्यायची.”

“म्हणजे भाड्याची खोली.”

“भाड्याची खोली. पाणी, वीज, पहारेकरी त्यांचा. पण कुलूप आपलं. आपण कुलूप लावलं नाही तर चोरीची जबाबदारी त्यांची नाही.”

मला हे आवडलं. मला त्या लांबच्या डब्यांशी भाऊबंदकी करायची नव्हती. माझा पंखा घरघरत होता, डिस्क भरत आली होती. मी एकटा पडलो असतो तर साठ माणसांचा हिशोब माझ्याबरोबर गेला असता. तिथे एक पडला तर दुसरा उभा राहतो. खरं बोलायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

तीही हे काम पहिल्यांदाच करत होती आणि ते लपवत नव्हती. माझ्या शेजारी बसून शिकायची. आधी खातं उघडलं. मग माहिती कुठल्या शहरातल्या इमारतीत ठेवायची ते निवडलं. जवळची निवडली, कारण लांबून उत्तर यायला वेळ लागतो आणि पेशंटांच्या कागदपत्रांनी देशाबाहेर जाऊ नये. मग छोटा डेटाबेस घेतला. दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की तो सगळ्या जगाला उघडा राहिला होता. तिने कपाळावर हात मारला, सगळी दारं बंद केली, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या पाठीला चिकटवलं: “आधी दार, मग घर.” पुढे अ‍ॅपचा एक तुकडा चढवला, चालला. दुसरा चढवला, कोसळला. दोन दिवस ती आणि मी समोरासमोर. तिसऱ्या दिवशी चालला. तेव्हा तिने टाळी वाजवली आणि एकटीच हसली.

तिने माझी सगळी माहिती तिकडे नेली. शेऱ्याच्या रकान्यासकट. नेण्याआधी मोठ्या सिस्टरना शेजारी बसवून एकेक शेरा वाचून घेतला. “हे वेळेच्या रकान्यात घालून टाकू का?” तिने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “सही लागेल.” म्हणून तिने अ‍ॅपलाच शिकवलं: शेऱ्यात बदली लिहिलेली असेल तर मोबाईलवर तीच वेळ दाखवायची. शेरा रिकामा असेल तर मंजूर वेळ. हे काम तिने इतकं नेटकं केलं की मला हेवा वाटला.

आता व्यवस्थापकसाहेब. हे गृहस्थ मुळात वाईट नाहीत. त्यांना कार्यक्रम आवडतात, एवढंच. अ‍ॅपच्या उद्घाटनाला त्यांनी प्रमुख पाहुणे ठरवले, शुक्रवार ठरवला, फीत ठरवली. हे सगळं झाल्यावर त्यांनी ढगवालीला विचारलं की अ‍ॅप तयार आहे का.

“तयार आहे साहेब. पण महिनाभर जुना सर्व्हर शेजारी चालू ठेवायचा. दोन्हीकडच्या याद्या रोज ताडून बघायच्या. आणि प्रत्येकाला वेगळं खातं लागेल. तुमचं वेगळं, काउंटरवरच्या कारकुनांचं वेगळं, माझं वेगळं. मुख्य खातं कुणीच रोज वापरायचं नाही, ते तिजोरीच्या किल्लीसारखं असतं.”

“मॅडम, तीन माणसांना तीन खाती कशाला? एकच ठेवा. मी विसरतो पासवर्ड.”

“साहेब, मग कुणी काय केलं ते कळणार नाही.”

“आपण काय एकमेकांवर पाळत ठेवणार आहोत का? घरचीच माणसं आहोत.”

आणि मुख्य खात्याचा पासवर्ड तीन घरच्या माणसांकडे गेला. साहेब, कारकून, आणि ती.

बुधवारी बैठक झाली. माझ्याच खोलीत झाली, म्हणून शब्दन् शब्द माझ्यासमोरचा आहे. मोठ्या सिस्टरना बोलावलं नव्हतं. पडद्यावर अ‍ॅप दाखवलं. साहेबांनी शेऱ्याचा रकाना पाहिला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

“हे काय गचाळ लिहिलंय? ‘चार घास जास्त जेवतो’? पाहुण्यांना हे दाखवायचं?”

“ते पाहुण्यांसाठी नाही, साहेब. पडद्यावर नको असेल तर लपवते. पण आतून काढायचं नाही. त्याच्यावरच वेळ ठरते.”

“अहो, वेळेचा रकाना आहे ना वेगळा?”

“आहे. पण खरी वेळ शेऱ्यात आहे.”

साहेब कारकुनांकडे बघून हसले. कारकूनही हसले, कारण साहेब हसले होते. “खरी वेळ शेऱ्यात! मॅडम, मग मंजुरीला काय अर्थ?” एवढं बोलून बैठक संपली. रकाना काढायचा की ठेवायचा, यावर निर्णय झाला नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण नंतर झाला होता असं सांगणारेही निघाले. निर्णय झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी एक वाजता ढगवाली मुलीच्या शाळेत पालकसभेला गेली. शुक्रवारची यादी मी नुकतीच छापून दिली होती. एक वाजून वीस मिनिटांनी रोषणाईवाला माझ्या खोलीत आला. त्याला दिव्यांच्या माळेसाठी वीज हवी होती, आणि त्या भिंतीत एकच प्लग होता, माझा. त्याने कारकुनांना विचारलं. कारकुनांनी फोन लावला, पलीकडचं ऐकलं, आणि म्हणाले, “काढा. याचं काम आता संपलंय.” बारा वर्षांची नोकरी, आणि निरोपाला माझ्याच प्लगवर लागलेली दिव्यांची माळ. मला दोन माणसांनी उचललं आणि तळघरात नेऊन ठेवलं. ठेवलं कसलं, टाकलं.

शुक्रवारी फीत कापली गेली. पाहुणे म्हणाले की आता कागदाचं युग संपलं. ढगवालीने माझी रिकामी जागा पाहिली, साहेबांना गाठलं. “पाहुणे आहेत, आत्ता विषय नको,” साहेब म्हणाले. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही. शनिवारी तिची सुट्टी होती आणि मोठ्या सिस्टरचीही. दाराला यादी लागली नाही. काउंटरच्या काचेवर साहेबांच्या सहीची सूचना लागली: अ‍ॅपमध्ये दिसेल तीच वेळ ग्राह्य धरावी, इतर चौकशी करू नये.

त्या शनिवारी सकाळी सव्वासात वाजता काउंटरवरचा फोन वाजला. ड्रायव्हरकाकांची सून बोलत होती. ड्रायव्हरकाका म्हणजे तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आमच्याकडे पाच वर्षांपासून. त्यांची मंजूर वेळ सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळची. पण टेलरमावशींशी बदली करून ते मंगळ-गुरु-शनि सकाळी यायचे.

“दादा, बाबांचा आज नंबर असतो. पण मोबाईलवर सोमवार संध्याकाळ दाखवतंय.”

“मग सोमवारी संध्याकाळी या.”

“अहो, गुरुवारी झालंय त्यांचं. सोमवार म्हणजे चार दिवस होतात.”

“ताई, अ‍ॅपमध्ये आहे तेच खरं. लेखी सूचना आहे माझ्यासमोर.”

कारकून खोटं बोलले नाहीत. सूचना खरंच त्यांच्यासमोर होती.

शनिवारी गोंधळ झाला, पण पोटातल्या पोटात जिरला. ज्यांच्या बदल्या होत्या ते जोडीजोडीने होते. एक चुकून आला तर दुसरा चुकून आला नाही. आकडा जमत गेला. बदलीवर आलेल्या सिस्टरना वाटलं, पहिला दिवस आहे, होतं असं. सोमवारी मात्र शनिवारी राहिलेले आले, अ‍ॅप बघून आलेले आले, आणि ज्यांच्याकडे मोबाईलच नाही ते नेहमीच्या सवयीने आले. सत्तावीस.

ड्रायव्हरकाकांना संध्याकाळपर्यंत थांबवेना, म्हणून सून त्यांना सकाळीच घेऊन आली. पाय खांबासारखे सुजलेले, ओठ काळपट, वाक्य तोडून तोडून बोलणं. मोठ्या सिस्टरनी लांबूनच पाहिलं आणि ओरडल्या, “काकांना ऑक्सिजन! तीन नंबर रिकामं ठेवा! वजन किती भरलं?”

“सदुसष्ट.”

“आणि ठेवायचं किती?” सिस्टरनी मोबाईल उघडला. अठ्ठावन्न दिसलं. “अठ्ठावन्न जुनं आहे. मी बदललंय, डॉक्टर गेल्या महिन्यात सांगून गेलेत. शेरे कुठायत?”

ढगवाली काउंटरच्या आत बसून यंत्रावर झुकली होती. तिचा हात थांबला. “सिस्टर... रकानाच नाहीये.”

“म्हणजे?”

“कुणीतरी काढून टाकलाय. शेरा रिकामा दिसला म्हणून अ‍ॅप सगळ्यांना मंजूर वेळ दाखवतंय.”

“मग परत आण. तूच म्हणायचीस ना, तिकडे काही हरवत नाही?”

“बॅकअप चालू केला असता तर हरवलं नसतं. तो चालू करायचा राहिला माझ्याकडून. उद्घाटनाच्या गडबडीत. चूक माझी आहे.”

सिस्टरनी तिच्याकडे एकच क्षण पाहिलं. “चुकीचं नंतर बघू. शेरे आणखी कुठे आहेत?”

“जुन्या सर्व्हरमध्ये.”

“तो कुठाय?”

कारकुनांनी मान खाली घातली. “भंगारात. टेम्पो दहाला येतोय.”

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं काम केलेल्या सिस्टर, त्यांना पाठ नसेल का? हेच टेलरमावशींनी विचारलं. सिस्टरनी त्यांना उत्तर दिलं: “साठ माणसांचं पाठ असतं तर त्या डब्याला मी बारा वर्षं फडक्याने पुसलं असतं का?” काकांनी स्वतःचं वजन साठ सांगितलं. सून म्हणाली, चौसष्ट. ड्युटी डॉक्टरांनी रक्त मशीनला जोडायला सांगितलं, पण पाणी किती ओढायचं तो आकडा हवा होता. जास्त ओढलं तर रक्तदाब कोसळतो. “जोडा,” सिस्टर म्हणाल्या, “पण पाणी अगदी हळू. आकडा येईपर्यंत मी अंदाजाने माणूस सुकवणार नाही.”

आठ वाजून पाच मिनिटांनी भंगाराच्या खोलीचं दार उघडलं. ढगवालीच्या मागे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा माणूस होता. त्याला सगळे पाणीवालेभाऊ म्हणतात. तिने स्ट्रेचर बाजूला लोटलं, माझ्या पाठीचा कागद बघितला आणि म्हणाली, “हाच.” लिफ्टमध्ये दिव्यांच्या माळा ठेवलेल्या. पाणीवालेभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली व्हीलचेअर ओढली आणि मला तिच्यात बसवलं. व्हीलचेअरच्या उतारावरून आम्ही वर पहिल्या मजल्यावर आलो. प्रतीक्षागृहातून जाताना सगळ्यांनी वाट दिली. तीन नंबरच्या मशीनवर पडलेल्या ड्रायव्हरकाकांनी तोंडावरचा मास्क बोटभर वर केला.

“याला पण... डायलिसिस? मग याचा... नंबर माझ्या नंतर.”

“काका, मास्क खाली!” सिस्टर ओरडल्या. पण हसल्या.

मला प्लग लावला. बटण दाबलं. काही नाही.

मी सांगतो, प्रयत्न मी केला. चार दिवस तळघराच्या ओलीत पडलो होतो, पंखा धुळीने आखडला होता. पंखा फिरेना म्हणून मी तापायचो, तापलो की आपोआप बंद. दुसऱ्यांदा तेच. कारकून पुटपुटले, “गेला वाटतं.” ढगवालीने त्यांच्याकडे न बघता स्क्रू काढायला सुरुवात केली. पाणीवालेभाऊंनी पाण्याच्या फिल्टरवर वापरायची हवेची नळी आणली, माझ्या पोटात फुंकली. धुळीचा ढग उठला. त्यांनी बोटाने पंख्याचं पातं फिरवलं, तेलाचा एक थेंब सोडला.

“आता लावा.”

या वेळी मी ठरवलंच होतं. डिस्क खरखरली. पंखा आधी रडला, मग फिरला. हिरवा दिवा लागला. माझं घड्याळ माझ्या जन्माच्या वर्षावर गेलं होतं, ते तिने दुरुस्त केलं. पडदा उजळायला अकरा मिनिटं लागली. मग यादी उघडली, आणि सगळ्यात शेवटी, होता तसा, तो गचाळ रकाना.

“ड्रायव्हरकाका!” सिस्टर माझ्यावर ओणवल्या. “वाच गं.”

“‘चार घास जास्त जेवतो, सुनेच्या हाताला चव आहे. डॉ. तोंडी : वजन बासष्ट.’”

“बासष्ट! तीन नंबर, बासष्टच्या हिशोबाने लावा. सगळं आज नाही काढायचं, उद्या परत घेऊ त्यांना.” मग त्या थेट माझ्या पडद्याकडे बोट करून उभ्या राहिल्या आणि एकामागून एक नावं घ्यायला लागल्या. कोण शनिवारी राहिला, कोण संध्याकाळपर्यंत थांबू शकतो, कोण फक्त दहा नंबरवर. मी छापत गेलो. नऊ वाजायला आले तेव्हा दाराला यादी लागली होती आणि त्या दिवशी केंद्राने रोजच्या तीन शिफ्टवर चौथीही चालवली. सत्तावीसच्या सत्तावीस जणांचं झालं. काकांच्या मशीनवरचा आकडा दर तासाला सिस्टर स्वतः बघत होत्या. बाराच्या सुमारास काकांनी अख्खं वाक्य एका दमात म्हटलं. ते वाक्य मी इथे देत नाही. त्यात साहेबांच्या सात पिढ्या होत्या.

दहा वाजता टेम्पो आला होता. त्याला पाणीवालेभाऊंनी परत पाठवलं. साहेब अकराला आले. त्यांनी मला टेबलावर पाहिलं आणि विचारलं, “हे परत कुणी आणलं?”

“मी,” ढगवाली म्हणाली. “आणि आता ह्याला हात लावायचा असेल तर आधी मला काढावं लागेल.”

तिला काढलं नाही. कदाचित तेव्हा शक्य नव्हतं. दारात ताटकळलेले पेशंट आणि सगळ्यांचे नातेवाईक उभे होते. त्या आठवड्यात तिने तिकडची सगळी घडी नव्याने बसवली. रोजचा बॅकअप, आणि तो खरंच परत आणता येतो की नाही याची दर शनिवारी तपासणी. प्रत्येकाला वेगळं खातं. रकाना काढायचा हक्क कुणालाच नाही, तिलासुद्धा एकटीला नाही. मोठ्या सिस्टर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि तीन तास बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा तेवीस बदल्यांवर आणि नऊ वजनांवर सह्या होत्या. बारा वर्षांचं काम तीन तासांत झालं. अ‍ॅप आज उत्तम चालतं. यादी बघायला कुणी दोन बस बदलत नाही. मला त्याचा आनंद आहे, आणि तो मी मोकळेपणाने सांगतो.

मी आता कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. बंद. कधीतरी ढगवाली मला खाली काढते, पंखा फिरतो का बघते, पुन्हा ठेवते. तुम्ही जर असंच काही नवं उभं करायला निघाला असाल, तर जरूर उभं करा. घाबरू नका, ते आमच्यापेक्षा भक्कम आहे. फक्त जुन्याचा प्लग काढण्याआधी, त्यावर रोज हात चालवणाऱ्या माणसाला बोलवा आणि विचारा की तुमचं खरं काम कुठल्या रकान्यात चालतं. बैठकीत त्याची खुर्ची रिकामी असेल तर बैठक घेऊ नका.

चौकशी झाली. अहवाल अकरा पानांचा आहे. त्यात कारण दिलंय, ‘तांत्रिक अडचण’.

क्लाउडवर प्रत्येक हालचालीची नोंद आपोआप राहते. ढगवालीने ती छापून अहवालाला जोडली. त्यात लिहिलंय: गुरुवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. शेऱ्याचा रकाना काढला. खातं, मुख्य. जोडणी, केंद्राच्याच इंटरनेटची. चार बाराला ढगवाली शाळेत होती, वर्गशिक्षिकेच्या वहीत तिची वेळेसकट सही आहे. साहेब म्हणतात, ते रोषणाई बघत होते. कारकून म्हणतात, ते काउंटरवर होते.

आणि तो रकाना नुसत्या एका बटणाने जात नाही. काढायचा असेल तर काढणाऱ्याला त्याचं नाव स्वतःच्या हाताने टाइप करावं लागतं, चुकून गेला असं होऊ नये म्हणून. त्या दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी त्या इमारतीत कुणीतरी बसून ‘शेरा’ ही दोन अक्षरं टाइप केली. कुणी, ते अकरा पानांत नाही.